दुपारी दीडनंतरच चालणारं अ‍ॅप : डेटाबेस निवडण्याचे आठ महिने

मामांचा टॉवेलचा कारखाना सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत आहे. चोवीस माग, दोन पाळ्या. एक कामगार दोन माग सांभाळतो, म्हणजे पाळीला बारा जण. पगार नगावर, दर शनिवारी. हा सगळा हिशेब दिवाणजी लाल कापडी बांधणीच्या वहीत ठेवतात. शुक्रवारी रात्री त्यांच्या घरी जेवणं उशिरा होतात, कारण आठवड्याची बेरीज एका बैठकीत संपवायची असते.

२०२५च्या जूनमध्ये, पहिल्याच आठवड्यात मामा मला म्हणाले, "दिवसभर घरात बसून काय करूलालास बे? आमच्या हिशेबाचं एक अ‍ॅप करून दे की."

मी घरून फ्रीलान्स कामं करतो, म्हणजे मामांच्या लेखी घरात बसतो. म्हटलं, पंधरा दिवसांचं काम आहे. नोंदीचा फॉर्म, यादी, बेरीज. स्क्रीन तर चार दिवसांत आखून झाल्या. मग हा डेटा ठेवायचा कुठे, या एका प्रश्नापाशी जो अडकलो तो तीन आठवडे. निवड झाल्यावरही ती बरोबर होती की नाही, हे कळायला जानेवारी उजाडला. माझ्यासारखा एकटा माणूस असं काही करायला बसला असेल तर त्याचे काही दिवस वाचावेत, म्हणून हे सगळं क्रमाने लिहितोय. मी डेटाबेसमधला जाणकार नाही, हे आधीच सांगतो.

सर्व्हर भाड्याने घेऊन त्यावर स्वतः डेटाबेस बसवायचा नाही, एवढं मात्र पहिल्या दिवशीच ठरलं होतं. दोन वर्षांपूर्वी एका गिऱ्हाइकासाठी तसं केलं होतं. चुलतभावाच्या लग्नात, ऐन अक्षतांच्या वेळी, लॉग फाइलींनी, म्हणजे सर्व्हर स्वतःच्या कामाची जी टिपणं लिहीत जातो त्यांनी, डिस्क भरून सर्व्हर बंद पडला. मी लॉग आवरायची सोय केली नव्हती, चूक माझीच. पण मांडवाच्या मागे उभं राहून फोनवरून सर्व्हर उठवायचा प्रकार पुन्हा नको होता. म्हणून सर्व्हरलेस.

हा शब्द मामांना समजावताना मी बराच गोल फिरलो. सर्व्हर असतो, पण आपला नसतो, वापरू तेवढेच पैसे, वगैरे. मामांनी दोन मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "म्हणजे जॉबवर्क. माग त्याचे, वीज त्याची, जॉबर त्याचा. आपण नगाला पैसे द्यायचे." मला आजवर मिळालेली ही सर्वांत नेमकी व्याख्या आहे. नग कशाला म्हणायचं, हे प्रत्येक मागवाला वेगळं ठरवतो, एवढंच त्यात घालायचं राहिलं. ते मला नोव्हेंबरात कळलं.

आता डॉक्युमेंट डेटाबेसच का, म्हणजे प्रत्येक नोंद एक सुटा कागद (डॉक्युमेंट) म्हणून ठेवणारा? खरं सांगायचं तर पगाराच्या हिशेबाला तक्त्यांचा, रो-कॉलमचा डेटाबेस काही वाईट नाही. पण मालाच्या नोंदी एकसारख्या नव्हत्या. टॉवेलला माप आणि वजन लागतं, नॅपकिन डझनात मोजतात, मधेच जॅकार्डच्या चादरींची ऑर्डर आली की डिझाइन आणि रंगांची यादी येते. शिवाय मामा दर आठवड्याला "अजून एक खाना टाक" म्हणणार, याची खात्री होती. प्रत्येक नोंद स्वतःचा आकार घेऊन येणारा कागद असेल तर हे सोपं जातं. दुसरं कारण जास्त वजनाचं होतं. शेडमध्ये पत्रे आणि लोखंड इतकं आहे की मोबाइलची रेंज दाराशी येते आणि आत गेलं की जाते. जॉबर, म्हणजे पाळीतल्या मागांवर देखरेख करणारा, आत उभा राहून नोंद करणार, नेट नसताना ती फोनमध्ये थांबणार आणि दाराशी आल्यावर वर जाणार. हे काम डेटाबेसने स्वतः करावं, असं मला वाटत होतं. ते स्वतः लिहायला बसलो असतो तर या वर्षीच्या गड्ड्यापर्यंतही, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर जत्रेपर्यंतही, अ‍ॅप झालं नसतं.

जूनचे तीन आठवडे वाचण्यात गेले. यात पहिला धडा असा, की लेख किंवा व्हिडिओ उघडला की आधी त्याची तारीख बघा. एका जुन्या लेखात फॉना नावाच्या सर्व्हरलेस डॉक्युमेंट डेटाबेसची इतकी स्तुती होती की मी जवळजवळ ठरवून टाकलं होतं. दुसऱ्या दिवशी नोंदणी करायला गेलो, तर ३० मे २०२५ रोजी ती सेवा बंद झालेली. मी जेमतेम दहा दिवस उशिरा पोचलो होतो. दहा दिवस आधी पोचलो असतो तर काय झालं असतं, या विचाराने जास्त धस्स झालं.

मग मोंगोडीबी अ‍ॅटलास. कॉलेजात मोंगो थोडं हाताळलेलं, त्यामुळे मन तिकडे ओढत होतं. डेटा ठेवायला मुंबईचं ठिकाण निवडता येतं, ५१२ एमबीपर्यंत फुकट, एका डॉक्युमेंटला १६ एमबीची मर्यादा म्हणजे आपल्याला आभाळ मोकळं. पण मला हवी होती ती फोनवरची ऑफलाइन साठवण. ती देणारी डिव्हाइस सिंक ही सेवा ३० सप्टेंबर २०२५ला थांबणार असल्याचं २०२४मध्येच जाहीर झालं होतं. त्यांचा सर्व्हरलेस प्रकारही मोडीत काढून फ्लेक्स नावाच्या नव्या प्रकारात नेणं चालू होतं. डेटाबेस म्हणून त्यात खोट नाही, पण मला हव्या त्या दोन गोष्टी नेमक्या त्याच वर्षी दाराबाहेर चालल्या होत्या.

अ‍ॅमेझॉनचा डायनॅमोडीबी २०१२पासून चालत आलाय. मोठाल्या कंपन्या डोळे झाकून वापरतात, २५ जीबी साठवण कायम फुकट, मुंबईत आहे. त्याच्या एका नोंदीला ४०० केबीची मर्यादा, तीही मला पुष्कळ. पण तो पहिल्याच दिवशी विचारतो की तू कोणते प्रश्न विचारणार आहेस. नोंद कशावरून शोधायची (मुख्य की) आणि कोणत्या क्रमाने लावायची (क्रमाची की) ते त्यानुसार ठरवायचं, आणि नंतर वेगळा प्रश्न सुचला तर एक तर नवा इंडेक्स, म्हणजे शोधायची सूची, जोडा, नाही तर सगळं टेबल चाळा. फोनमधल्या ऑफलाइन साठवणीसाठी वेगळी जोडणी लागते. एकट्याच्या आवाक्यापेक्षा मला ते जरा जास्त वाटलं.

मायक्रोसॉफ्टच्या कॉसमॉस डीबीबद्दल एक भाबडी ओढ होती. त्यांचं सेंट्रल इंडिया म्हणजे पुणे, सोलापूरला सगळ्यांत जवळचं! हुतात्मा एक्स्प्रेसने चार तासांत डेटाला भेटून येता येईल, असं मी मामांना म्हणालोसुद्धा. पण तिथला हिशेब रिक्वेस्ट युनिटमध्ये होतो, म्हणजे एक केबीची नोंद तिच्या आयडीने वाचली तर एक युनिट, बाकी प्रश्नांना त्यांच्या वजनाप्रमाणे. कायमचा फुकट कोटा सर्व्हरलेस प्रकाराला लागू होत नाही. आणि फोनमधली ऑफलाइन साठवण इथेही आपली आपण बघायची.

राहिला गुगलचा फायरस्टोअर. इथे आधी एक गोंधळ निस्तरावा लागला. गुगलच्या फायरबेस या सेवासंचात दोन डेटाबेस आहेत, जुना रिअलटाइम डेटाबेस आणि २०१७मध्ये आलेला फायरस्टोअर. जुन्याला मुंबईचं ठिकाण नाही, भारताला जवळचं म्हणजे सिंगापूर. फायरस्टोअरला मुंबईही आहे, दिल्लीही. अँड्रॉइडवर ऑफलाइन साठवण आपोआप चालू असते. रोज ५० हजार वाचनं, २० हजार लेखनं, २० हजार खोडणं आणि एकूण १ जीबी साठवण फुकट. एका डॉक्युमेंटला १ एमबीच्या आसपास मर्यादा. आणि या फुकट योजनेला कार्डच लागत नाही.

कार्डाचं प्रकरण सांगायलाच हवं, कारण त्यात माझे सहा दिवस गेले. त्याच महिन्यात एका क्लाउड कंपनीत चाचणीसाठी खातं उघडत होतो. माझं डेबिट कार्ड तीनदा नाकारलं गेलं, कारण काहीच सांगेना. मदतकक्षाला लिहिलं, तीन दिवसांनी साचेबद्ध उत्तर आलं. शेवटी बँकेच्या शाखेत गेलो. तिथे कळलं की रिझर्व्ह बँकेच्या २०२०च्या नियमाप्रमाणे नवीन कार्डावर परदेशी व्यवहार मुळातच बंद असतात, आपण सांगून चालू करून घ्यायचे. ते मोबाइल अ‍ॅपमधूनही होतं म्हणे. माझ्या खात्याला होईना, म्हणून फॉर्म, आधारची झेरॉक्स, सही जुळत नाही म्हणून दुसरी सही, आणि "दोन वर्किंग डे." खिडकीवरच्या बाई चांगल्या होत्या, त्यांनी मर्यादा किती ठेवायची तेही विचारलं. मी दोन हजार सांगितली. हे ज्याने त्याने करावं. क्लाउडला जोडलेल्या कार्डाची मर्यादा जेवढी कमी तेवढी रात्रीची झोप चांगली.

तरीही निर्णय होत नव्हता. चारही नावांचा तक्ता करून भिंतीवर लावला होता, त्यात बरोबर-चूक खुणा वाढत चालल्या होत्या. वाट दिवाणजींच्या वहीने दाखवली. २८ जूनला, शनिवारी, पगार वाटून झाल्यावर मी त्यांच्याशेजारी बसलो आणि विचारलं की तुम्ही दिवसभरात कोणतं पान किती वेळा उघडता. त्यांनी चष्मा वर केला. "हे काय विचारणं झालं?" मग सांगायला लागले. सकाळी कालच्या पाळीचं पान, एकदा. कामगार येऊन "माझे किती झाले" विचारतो तेव्हा त्याच्या नावाचं पान, दिवसात दहा-बारा वेळा. शुक्रवारी सगळ्यांची पानं. जुनी पानं कधी तरी, भांडण झालं तर.

वहीत एकच आकडा दोन ठिकाणी लिहिलेला असतो, तारखेच्या पानावर आणि नावाच्या खात्यात. कॉलेजात आपल्याला शिकवलं की एकच गोष्ट दोनदा लिहू नका. दिवाणजी मुद्दाम दोनदा लिहितात, कारण लिहायला एकदा वेळ लागतो आणि शोधायला रोज. डॉक्युमेंट डेटाबेसही हेच सांगतो. मी घरी येऊन भिंतीवरचा तक्ता काढून टाकला आणि एका पाठकोऱ्या कागदावर चार ओळी लिहिल्या: कोण, कोणतं पान, कुठून, दिवसात किती वेळा. त्या चार ओळींना फायरस्टोअर पुरत होता. ऑफलाइन मिळत होतं, दिवसाला जेमतेम ४८ नोंदी (चोवीस माग, दोन पाळ्या) म्हणजे लेखनाचा कोटा हसण्यावारी. वाचनाचा आकडा मी त्या दिवशी नीट काढला नाही. ५० हजार म्हणजे काय, संपतात होय, असं वाटलं.

कामाला लागलो आणि पहिल्याच संध्याकाळी घाण केली. डेटाबेस तयार करताना ठिकाण विचारतात. मी घाईत समोर आलेला पर्याय तसाच ठेवून पुढे गेलो. आठवडाभर काम केल्यावर लक्षात आलं की आपला डेटा अमेरिकेत बसलाय. ठिकाण एकदा ठरलं की बदलता येत नाही. ७ जुलैला नवा प्रोजेक्ट काढून मुंबई निवडली आणि सगळं पुन्हा मांडलं. चाचणीचाच डेटा होता म्हणून निभावलं. त्या एका खिडकीपाशी थांबा, चहा प्या, मग बटण दाबा.

दुसरी खिडकी सुरक्षा नियमांची. चाचणीचा प्रकार निवडला तर ३० दिवस कोणीही वाचू-लिहू शकतं आणि मग सगळंच बंद होतं. माझे ३० दिवस ६ ऑगस्टला संपत होते, तशी आठवणीची मेलही आली. नियम लिहायला दोन दिवस लागले. जॉबरने फक्त आजची नोंद टाकायची आणि दुरुस्त करायची, दिवाणजींनी सगळं, मामांनी फक्त बघायचं. नियमात "हा माणूस कोण" हे तपासायला दुसरं डॉक्युमेंट वाचलं तर तेही वाचन धरलं जातं, एवढं ध्यानात ठेवा. या चाचण्या एम्युलेटरवर, म्हणजे आपल्याच लॅपटॉपवर करता येतात, कोटा जळत नाही. कामगारांचे आधार क्रमांक आणि फोटो घ्यायचे का, असं मामांनी विचारलं होतं. मी नको म्हटलं. २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच, आणि नगाच्या हिशेबाला आधार लागतो कशाला?

११ ऑगस्टला, सोमवारी, अ‍ॅप शेडमध्ये गेलं. दोन पाळ्यांचे दोन जॉबर, दोन जुने अँड्रॉइड फोन, आणि कार्यालयातल्या कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये दिवाणजींची खिडकी. पहिले तीन दिवस मी तिथेच बसून होतो. मागांच्या खडखडाटात काही ऐकू येत नाही, जॉबर बोटांनीच सांगायचे. नोंद आत केली, दाराशी आले, टुक्कन वर गेली. मामा दोनदा शेडमध्ये आत-बाहेर करून आले, खेळणं मिळाल्यासारखे. दिवाणजींनी वही बंद केली नाही. म्हणाले, "चालू द्या दोन्ही."

सप्टेंबरात त्या वहीने माझी लाज राखली. एका कामगाराचे तीन दिवस अ‍ॅपच्या बेरजेत नव्हते, वहीत होते. दुपारभर शोधलं. एका फोनवर अ‍ॅपची जुनी आवृत्ती राहिली होती आणि ती नगांचा आकडा संख्या म्हणून न पाठवता मजकूर म्हणून पाठवत होती. डोळ्यांना १२० आणि १२० सारखेच दिसतात. पण शून्यापेक्षा जास्त नग असलेल्या नोंदी द्या म्हटलं की फायरस्टोअर फक्त संख्या तपासतो, मजकुराकडे ढुंकून बघत नाही. तक्त्यांच्या डेटाबेसने अशी नोंद दारातच अडवली असती. इथे ज्याचा आकार त्याने आणायचा, ही ज्या सोयीसाठी आपण आलो तिचीच दुसरी बाजू. सुरक्षा नियमांतच "नग ही संख्याच हवी" अशी अट घातली, तेव्हा स्वस्थता आली. जुन्या फोनवर अ‍ॅप अद्ययावत करणं हे कामही कोणाच्या तरी नावावर लावा. माझ्याकडे ते कोणाच्याच नावावर नव्हतं.

दिवाळी गेली. २४ नोव्हेंबरला, सोमवारी सकाळी अकराला दिवाणजींचा फोन आला. "स्क्रीन पांढरी आहे. काही दिसंना."

जुळे सोलापूरहून अक्कलकोट रोडला पोचायला मला दोन वाजले, वाटेत एक काम होतं. जाऊन बघतो तर सगळं व्यवस्थित. दिवाणजींनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मंगळवारी पुन्हा तेच. सकाळी पांढरं, मी दुपारी गेलो की चालू. कार्यालयाच्या नेटवर संशय घेतला, राउटरचा अडॅप्टर बदलला, साडेतीनशे रुपये गेले. शेडमधले फोन मात्र बिनबोभाट नोंदी पाठवत होते, त्यामुळे डेटाबेसवर संशय घ्यायचं सुचेना. दिवाणजींनी मात्र पक्कं निदान केलं होतं. "जेवणाच्या सुट्टीनंतर चालतंय ते. दीड वाजला की."

मी हसलो होतो. बुधवारी सकाळी साडेदहालाच जाऊन बसलो आणि पांढऱ्या पडद्यामागचा संदेश उघडला. कोटा संपला, असं लिहिलं होतं. आणि हा रोजचा कोटा कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्रीच्या सुमारास नव्याने सुरू होतो. त्यांच्याकडे हिवाळ्याची वेळ लागली की ती मध्यरात्र म्हणजे आपली दुपारची दीड. उन्हाळ्यात साडेबारा. दिवाणजी शब्दशः बरोबर होते.

मग गणित मांडलं. रोज ४८ नोंदी, सुट्ट्या वजा जाता ८४ दिवस, एकूण ४,०३२ डॉक्युमेंटं. मी दिवाणजींच्या खिडकीत सगळ्या नोंदी मागवून तिथेच बेरीज करत होतो. म्हणजे ती खिडकी एकदा उघडली की ४,०३२ वाचनं. बारा वेळा उघडली की ४८,३८४. तेराव्या वेळी कोटा संपणार. ऑगस्टात नोंदी शेकड्यांत होत्या म्हणून काही जाणवलं नाही. वही जाड होत गेली आणि प्रत्येक वेळी मी ती पहिल्या पानापासून वाचत होतो. अँड्रॉइडवर ऑफलाइन साठवण आपोआप असते, वेबवर ती आपण चालू करावी लागते, आणि मी केली नव्हती. त्यामुळे दिवाणजींनी एफ-फाइव्ह, म्हणजे पान ताजं करायची कळ, दाबलं की पुन्हा मुळापासून. त्यांना एफ-फाइव्ह दाबायची सवय मीच लावली होती. फोनवरून नोंदी जात राहिल्या, कारण लेखनाचा कोटा वेगळा आणि तो कोराच पडलेला. वर कळस म्हणजे कारण शोधताना मी फायरबेसच्या कन्सोलमध्ये, म्हणजे डेटाबेस सांभाळायच्या वेबपानावर, नोंदी चाळत होतो, आणि तिथे बघितलेलं डॉक्युमेंटही वाचनात धरतात. मी आग शोधायला काडी पेटवून हिंडत होतो.

मागवाल्याचा नग म्हणजे हाच. आपण मोजतो "एकदा रिपोर्ट बघितला", तो मोजतो त्यात आलेली डॉक्युमेंटं. प्रश्नाला उत्तर म्हणून काहीच आलं नाही तरी एक वाचन लागतंच.

त्या रात्री दुरुस्तीला बसलो आणि जरा जास्त हुशारी केली. प्रत्येक कामगाराचं आठवड्याचं एक बेरीज-डॉक्युमेंट, नोंद पडली की त्यात नग वाढवायचे. ही वाढवण्याची क्रिया ऑफलाइनही चालते. वाचनं ४,०३२ वरून २४ वर आली. मी खूश. ६ डिसेंबरच्या शनिवारी दिवाणजींनी वही आणि अ‍ॅप ताडून पाहिलं तर एकाचे ३६ नग जास्त. जॉबरने १४० ची नोंद सुधारून १०४ केली होती. नोंद बदलली, पण बेरजेतून फरक वजा करायचं मी लिहिलंच नव्हतं.

तेव्हा जमिनीवर आलो. मुळात इतकं करायची गरजच नव्हती. प्रत्येक नोंदीत आठवड्याचा क्रमांक टाकायचा आणि फक्त त्या आठवड्याच्या नोंदी मागवायच्या. सहा दिवस गुणिले ४८, म्हणजे २८८. दिवाणजींनी दिवसात शंभर वेळा एफ-फाइव्ह दाबलं तरी २८,८००. बेरीज दर वेळी मूळ नोंदींवरून होते, म्हणून फरक पडायची भीती नाही. दोन अडचणी आल्या. आठवडा आणि नाव दोन्ही धरून क्रम लावायला जोड-इंडेक्स लागतो. तो नसला तर एरर येते, त्याच एररमध्ये तो बनवायची लिंक असते, काही मिनिटांत काम होतं. आणि जुन्या साडेचार हजार नोंदींत आठवड्याचा खानाच नव्हता. ज्या डॉक्युमेंटात तो खाना नाही ते त्या खान्यावरच्या शोधात सापडत नाही. एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून सगळ्यांत तो भरला. लेखनाचा कोटा शेवटी इथे कामाला आला.

या सगळ्यात एक बरं झालं. कार्ड न लागणाऱ्या योजनेत होतो, म्हणून कोटा संपल्यावर स्क्रीन पांढरी पडली, बिल आलं नाही. तीन सकाळी गेल्या, थोडी इज्जत गेली आणि एक अडॅप्टर. तेच पैशाच्या योजनेत असतो तर मीटर मुकाट्याने फिरत राहिलं असतं. एवढ्याशा डेटात रक्कम किरकोळच झाली असती, पण कारण कळायला अजून चार महिने गेले असते.

डिसेंबरच्या मध्याला मात्र मी पैशाच्या योजनेत गेलो, कारण रोजची आपोआप बॅकअप घ्यायची सोय तिथेच आहे. फुकट कोटा तिथेही तसाच राहतो, त्यावरचं वापरलं तर पैसे. बिल रुपयांत, वर १८ टक्के जीएसटी. मागच्या वेळी चालू करून घेतलेलं तेच कार्ड जोडलं. शंभर रुपयांचं बजेट लावून त्याची सूचना मेलवर घेतली. पण बजेट फक्त सूचना देतं, खर्च थांबवत नाही. सोलापुरात काही दिवसांआड पाणी येतं तेव्हा शेजारी ओरडून सांगतो, "अहो, टाकी भरून वाहूलालंय!" मोटार बंद करायला तो येत नाही. डिसेंबरचं बिल शून्य आलं. ते मी छापून मामांना दाखवलं. त्यांनी उलटसुलट करून बघितलं आणि विचारलं, "मग त्याला परवडतंय कसं?"

आजपर्यंत रोख गेलं ते एवढंच: राउटरचा अडॅप्टर साडेतीनशे, झेरॉक्स आणि फेऱ्यांचं पेट्रोल. प्ले स्टोअरवर अ‍ॅप टाकलेलं नाही. तिथे एकदाचे २५ डॉलर लागतात आणि नव्या वैयक्तिक खात्याला बारा जणांकडून सलग १४ दिवस चाचणी करून घ्यावी लागते. दोन फोनांसाठी तेवढा खटाटोप नको वाटला.

या महिन्यात संक्रांतीला गड्डा भरला. कारखाना दोन दिवस बंद, कामगार नंदीध्वजांच्या मिरवणुकीत. सुट्टीआधीच्या पगाराला सगळ्यांनी उचल मागितली, आणि दिवाणजींनी पहिल्यांदाच स्वतःहून अ‍ॅपचा विषय काढला. उचलीचं पान त्यात येईल का?

नग आणि उचल एकसारखे नाहीत. नगांची बेरीज शनिवारी मिटते, उचल महिनोन्‌महिने चालते, आणि उरलेली बाकी एका रुपयानेही चुकून चालत नाही. दोघांनी एकाच वेळी एकाच खात्यात लिहिलं तरी बाकी बरोबर राहायची तर व्यवहार ट्रान्झॅक्शनमध्ये, म्हणजे वाचणं-लिहिणं एकसंध, मधे दुसऱ्याचा बदल न मिसळू देता, करावा लागेल, आणि ट्रान्झॅक्शन ऑफलाइन चालत नाही. म्हणजे उचलीची नोंद शेडमधून नाही, कार्यालयातूनच, आणि फक्त दिवाणजींनी. त्यांना हे सांगितलं तर म्हणाले, "मग आतापर्यंत कुठं दुसरं कोण लिहितंय?"

काल पुन्हा एक पाठकोरा कागद घेऊन त्यांच्याशेजारी बसलो. उचलीचं पान ते दिवसात किती वेळा उघडतात, ते आधी विचारून घेतलंय. गड्ड्याच्या आठवड्यात चाळीस वेळा म्हणाले.